चष्म्याच्या दुकानाजवळची वस्ती: मिल्टन रोगोव्हिन यांचं तीस वर्षांचं प्रकरण

आपल्याच भागात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला सगळ्यात आधी ऐकावं लागतं ते ‘कशाला काढताय?’ बनारसला किंवा जैसलमेरला हे फारसं कोणी विचारत नाही, पर्यटक समजून सोडून देतात. आपल्या नाक्यावर मात्र पानवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाला उत्तर हवं असतं, आणि ‘सहज’ या उत्तरावर कोणाचाच विश्वास बसत नाही. सहज फोटो काढणारा माणूस कॉर्पोरेशनचा असतो, बिल्डरचा असतो, नाहीतर काहीतरी भानगड असते.

एका माणसाने या प्रश्नाला कसं तोंड दिलं, त्याचं हे प्रकरण आहे. जागा अमेरिकेतली: न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या काठी वसलेलं बफलो शहर. माणूस डोळे तपासून चष्मे देणारा, नाव मिल्टन रोगोव्हिन. 1972 मध्ये, वयाच्या 62 व्या वर्षी, त्यांनी आपल्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या लोअर वेस्ट साइड या वस्तीत फोटो काढायला सुरुवात केली. नव्वदी उलटली तरी ते तिथेच, त्याच माणसांचे फोटो काढत होते. सगळा पसारा मिळून सहा-एक ब्लॉकचा, ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांच्या मधला घरांचा चौकोन. आपल्याकडची एखादी पेठ मोजायला घेतली तर कदाचित तिच्यातच मावेल.

आधीची पंधरा वर्षं

रोगोव्हिन यांचा जन्म 1909 मध्ये न्यूयॉर्कमध्ये, स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी 1931 मध्ये ऑप्टोमेट्रीचं शिक्षण पूर्ण केलं, म्हणजे ऐन महामंदीत. त्या काळातली बेकारी आणि भुकेच्या रांगा बघून ते डाव्या विचारांकडे वळले. 1938 मध्ये बफलोला आले, पुढच्या वर्षी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. गिऱ्हाईक बरंचसं कामगारवर्गातलं. 1942 या एकाच वर्षात त्यांच्या आयुष्यात तीन गोष्टी घडल्या: ॲनशी लग्न, पहिला कॅमेरा आणि लष्करात भरती. युद्धकाळात ते इंग्लंडमध्ये सैनिकांचे डोळे तपासत होते. कॅमेरा तेव्हा हौसेपुरताच होता.

1957 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या त्या कुप्रसिद्ध समितीने, कम्युनिस्ट हुडकून काढणाऱ्या समितीने, त्यांना साक्षीला बोलावलं. त्यांनी साक्ष द्यायचं नाकारलं. स्थानिक वर्तमानपत्राने त्यांना बफलोतला अव्वल ‘लाल’ ठरवलं. परिणाम जो व्हायचा तो झाला. चष्म्याचा धंदा जवळजवळ निम्म्यावर आला, ओळखीचे लोक रस्ता बदलू लागले, एफबीआयची पाळत सुरू झाली. घर बरंचसं ॲनच्या शिक्षिकेच्या पगारावर चालायला लागलं. आपल्याला बोलायची सोयच उरली नव्हती म्हणून आपण फोटोंतून बोलू लागलो, अशा अर्थाचं रोगोव्हिन पुढे अनेकदा सांगत असत.

पहिली संधी पुढच्याच वर्षी आली. बफलोतले संगीताचे एक प्राध्यापक, विल्यम टॉलमाज, कृष्णवर्णीयांच्या छोट्या छोट्या चर्चमधलं गायन ध्वनिमुद्रित करत होते. ही चर्चेस म्हणजे रस्त्याकडेच्या रिकाम्या दुकानांत थाटलेली प्रार्थनास्थळं. टॉलमाज यांनी रोगोव्हिन यांना सोबत फोटो काढायला बोलावलं. ध्वनिमुद्रणाचं काम काही महिन्यांत संपलं, पण रोगोव्हिन तीन वर्षं त्या चर्चमध्ये जात राहिले. ते फोटो 1962 मध्ये ‘ॲपर्चर’ या नियतकालिकात आले, तेही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांच्या प्रस्तावनेसह. नवख्या फोटोग्राफरच्या वाट्याला असं क्वचितच येतं. मला मात्र या सगळ्यात ती तीन वर्षं महत्त्वाची वाटतात. काम झाल्यावरही परत जायचं, ही खोड तिथे लागली.

वस्तीत शिरताना

लोअर वेस्ट साइड ही एकेकाळची इटालियन वस्ती. 1972 पर्यंत ती बरीच पालटली होती. प्वेर्तो रिकोहून आलेली कुटुंबं, कृष्णवर्णीय, मूळ अमेरिकी जमातींचे लोक, गरीब गोरे, अशी सरमिसळ होती. बेकारी होती, दारू होती, वेश्याव्यवसाय होता. शहराला या भागाची आठवण फक्त पोलिसांच्या बातम्यांतून व्हायची.

रोगोव्हिन इथे राहत नव्हते. त्यांचं घर शहराच्या दुसऱ्या भागात होतं आणि दुकान इथून जवळ. मग ही ‘आपली’ वस्ती म्हणायची का? माझ्या मते म्हणायची. दिवसाचे आठ-दहा तास जिथे जातात, जिथली माणसं चष्म्याचा नंबर काढायला आपल्यासमोर बसतात, ती जागा माणसाची होतेच. पण वस्तीला तसं वाटत नव्हतं, आणि अशा वेळी वस्तीचं मत मोलाचं. साठी ओलांडलेला एक गोरा, सुशिक्षित माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतोय म्हणजे तो साध्या वेशातला पोलीस, नाहीतर सरकारी मदत तपासायला आलेला अधिकारी, नाहीतर एफबीआयचा हेर. ज्या माणसावर एफबीआयने वर्षानुवर्षं डोळा ठेवला त्यालाच लोकांनी एफबीआयचा ठरवावं, यातला विनोद रोगोव्हिन यांना नक्कीच कळला असणार.

त्यांनी भाषणं देऊन संशय घालवला नाही. ज्याचा फोटो काढायचा त्याला आधी विचारायचं. हो म्हणाला तर काढायचा, नाही म्हणाला तर पुढे जायचं. रोल घरीच धुवायचा, प्रिंट काढायची आणि परत जाऊन त्या माणसाच्या हातात द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. ज्या घरांत लग्नाचा फोटोही धड नव्हता तिथे चांगल्या कागदावरची, नीट काढलेली काळी-पांढरी प्रिंट ही साधी गोष्ट नव्हती. ती शेजाऱ्याला दाखवली जाणार, भिंतीवर लागणार. पुढच्या फेरीला शेजारीच विचारणार: माझा कधी काढणार?

या पद्धतीचा परिणाम फोटोंतल्या जागांवरही दिसतो. सुरुवातीचे बरेच फोटो रस्त्यावरचे आहेत, भिंतीला टेकलेले, कोपऱ्यावर उभे असलेले. मग माणसं घरासमोरच्या पायऱ्यांवर दिसू लागतात, आपल्याकडे ओट्यावर बसतात तशी. आणि मग आपण घरात पोचतो: सोफा, टीव्ही, येशूचं चित्र, पलंग, भिंतीवरचे फोटो. कॅमेरा रस्ता ओलांडून उंबऱ्याच्या आत गेला तो त्या प्रिंटांच्या जोरावर.

छातीपाशी धरलेला कॅमेरा

इथे जरा यंत्राबद्दल बोलायला हवं, कारण रोगोव्हिन यांच्या बाबतीत यंत्र आणि वागणूक वेगळी काढता येत नाही. त्यांचा कॅमेरा रोलीफ्लेक्स, वर-खाली दोन लेन्स असलेला. वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्या लेन्समधून फोटो निघतो. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. छाती-पोटापाशी धरून वरच्या काचेत खाली बघतात. साहजिकच फोटो काढणारा मान झुकवून उभा असतो. समोरच्यावर काही रोखलंय असं वाटत नाही, आणि मान वर केली की दोघं सरळ एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मध्ये काही आड येत नाही. काचेतलं चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे घाई करता येत नाही. एका रोलवर बाराच फोटो. ज्याला आज मोबाइलवर एका मिनिटात चाळीस फोटो दाबायची सवय आहे त्याने ‘बाराच’ हा आकडा क्षणभर डोक्यात घोळवावा.

घरातल्या आणि चर्चमधल्या फोटोंसाठी त्यांनी फ्लॅशचा उघडा बल्ब वापरला, मागची चकचकीत वाटी काढून टाकलेला. वाटी असली की उजेड झोतासारखा थेट चेहऱ्यावर आदळतो, माणूस पांढराफटक आणि मागची खोली काळी. उघडा बल्ब चारी बाजूंना उजेड टाकतो, तो भिंतींवरून, छतावरून परतून येतो आणि सगळी खोली उजळते. म्हणून रोगोव्हिन यांच्या फोटोंत माणसाइतकंच त्याचं घर वाचता येतं. पडद्याची नक्षी, टेबलावरची बाटली, दंडावरचं गोंदण, कोपऱ्यातलं खेळणं, सगळं. गरिबीचे फोटो काढताना अंधार फार सोयीचा असतो, तो आपोआप करुणा निर्माण करतो. त्यांनी ती सोय नाकारली, आणि या कामातला मला सगळ्यात आवडणारा निर्णय हाच.

कसं उभं राहायचं, कोणाला शेजारी घ्यायचं, घरातल्या कुठल्या खोलीत, हे समोरच्याने ठरवायचं. हसा म्हणायचं नाही, हनुवटी वर करा म्हणायचं नाही. म्हणून त्या चेहऱ्यांवर ‘पकडलो गेलो’ असा भाव दिसत नाही. काही चक्क ताठ आहेत, तालुक्याच्या गावच्या स्टुडिओत पहिल्यांदा फोटो काढायला आल्यासारखे. त्या ताठपणातही त्यांची स्वतःची ऐट आहे.

1975 मध्ये बफलोच्या ऑलब्राइट-नॉक्स कलादालनात रोगोव्हिन यांचं मोठं प्रदर्शन झालं. पुढची काही वर्षं ते पोलाद कारखान्यांतल्या कामगारांचे फोटो काढण्यात रमले: एक फोटो भट्टीपाशी, मुखवटा-हातमोजे घातलेला, आणि दुसरा त्याच माणसाचा घरी, बायका-मुलांत. वस्तीचं काम संपलंय असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं.

परत जाणं

1984 मध्ये ते पुन्हा लोअर वेस्ट साइडला आले. आता वय 74. कल्पना साधी होती: बारा वर्षांपूर्वी ज्यांचे फोटो काढले त्यांना शोधायचं आणि पुन्हा काढायचे. अडचण अशी की पहिल्या वेळी नावं-पत्ते नीट लिहून ठेवलेच नव्हते. मग रोगोव्हिन आणि ॲन जुन्या प्रिंट घेऊन दारोदार फिरले. ही मुलगी कुठे असते आता? हा माणूस आहे का? आणि वस्ती सांगत गेली. ती पलीकडच्या गल्लीत गेली, तो वारला, तो तुरुंगात आहे, तिला आता चार मुलं आहेत, थांबा बोलावतो. पहिल्या वेळी विश्वास मिळवण्यासाठी दिलेली प्रिंट आता ओळखपत्र झाली.

ॲनचं नाव या कामात मोठ्या अक्षरांत लिहायला हवं. त्या अपंग मुलांच्या शिक्षिका होत्या. कोणाशीही, कुठेही बोलायला लागण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. रोगोव्हिन कॅमेरा लावत असताना घरातल्यांशी गप्पा त्यांच्याच चालायच्या. फोटोखाली सही मात्र एकाचीच, फोटोग्राफीच्या जगात असं फार होतं.

त्यानंतर 1992 मध्ये ते तिसऱ्यांदा गेले. 2000 नंतर चौथ्यांदा. शेजारी शेजारी लावलेले चार फोटो, मध्ये साधारण तीस वर्षं. पहिल्यात खांद्यावर हात टाकून उभं असलेलं तरुण जोडपं, पुढच्यात दोघांतलं एकच. कडेवरचं मूल पुढे स्वतःचं मूल कडेवर घेऊन उभं. कुठे दात गेलेत, कुठे घर बदललंय, कुठे अंगावर एकदम चांगले कपडे आलेत. बघणारा या चार चौकटींमधली वर्षं स्वतःच भरायला लागतो. एकेका फोटोकडे सुटं बघितलं तर तो साधा आहे, काही तर अगदीच साधे आहेत. ताकद आहे ती मधल्या मोकळ्या जागेत, आणि ती जागा कुठल्याही महागड्या लेन्सने मिळत नाही. त्यासाठी त्याच दारात पुन्हा जाऊन उभं राहावं लागतं, आणि दार उघडलं जावं लागतं.

मधल्या काळात शहराचं काय झालं हेही त्यात उतरलंय. बफलोला लागून असलेल्या लॅकावॉना इथला बेथलेहेम कंपनीचा अवाढव्य पोलाद कारखाना 1983 मध्ये बहुतांशी बंद पडला. हजारो रोजगार गेले. मुंबईतल्या गिरणी संपाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. गिरणगावात वाढलेल्या वाचकाला बफलोचे हे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे चेहरे परके वाटणार नाहीत.

1999 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने रोगोव्हिन यांच्या निगेटिव्ह, काँटॅक्ट शीट (एका रोलमधले सगळे फोटो छोट्या आकारात एकत्र छापलेला कागद) आणि प्रिंटचा संग्रह घेतला. ज्या सरकारने बेचाळीस वर्षांपूर्वी त्यांना देशद्रोह्यांच्या पंगतीला बसवलं होतं त्याच सरकारच्या ग्रंथालयात. ॲन 2003 मध्ये गेल्या, रोगोव्हिन जानेवारी 2011 मध्ये, एकशे एक वर्षांचे होऊन.

खटकणाऱ्या गोष्टी

हे प्रकरण आदर्श म्हणून पूजायचं नसेल तर दोन-तीन गोष्टी बोलायला हव्यात.

एक म्हणजे नावं. फोटोंवर बराच काळ फक्त मालिकेचं नाव आणि साल असायचं, माणसाचं नाव नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने ते बरोबर होतं असं म्हणता येईल. पण विसरलेल्यांना लक्षात आणून देणं हाच ज्या कामाचा दावा, तिथे माणूस निनावी राहणं मला बोचतं. पुढे 2000 च्या सुमारास डेव्ह आयसे या रेडिओ पत्रकाराने यातल्या काही जणांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा कुठे चेहऱ्यांना आवाज मिळाले, आणि काहींच्या गोष्टी फोटो बघून केलेल्या अंदाजांपेक्षा भलत्याच वेगळ्या निघाल्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चार-चार फोटोंत दिसतात ती माणसं म्हणजे जी जगली, जी वस्तीतच राहिली किंवा शोधल्यावर सापडली, आणि जी पुन्हा उभी राहायला तयार झाली. जी गेली, पांगली, ज्यांनी दार लावून घेतलं, त्यांचा पहिलाच फोटो शेवटचा. म्हणून या चौकडींवरून ‘वस्तीचं तीस वर्षांत असं झालं’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. त्यांत वस्तीपेक्षा वस्तीतल्या टिकून राहिलेल्यांची गोष्ट जास्त आहे. प्रदर्शनात भारावलेले लोक हे विसरतात.

तिसरी, विचारून फोटो काढला की रस्ता हातचा जातो. भांडण, धावपळ, पोरांचा खेळ, पावसात उडालेली तारांबळ यातलं काहीच ‘काढू का?’ म्हटल्यावर तसं राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये हेलन लेव्हिट यांनी 1930-40 च्या दशकांत रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढले ते कॅमेऱ्याला काटकोनात बघायचा व्ह्यूफाइंडर लावून, म्हणजे स्वतः एका दिशेला तोंड करून उभ्या आणि फोटो भलत्याच बाजूचा. त्या मुलांचा खेळ रोगोव्हिन यांच्या पद्धतीने कधीच हाती लागला नसता. लेव्हिट यांचे फोटो मला प्रिय आहेत, आणि आज एखाद्याने माझ्या लेकराचे तसे फोटो काढले तर मी जाब विचारीन, हेही तितकंच खरं. या दोन वाक्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

आपल्या नाक्यावर

आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि माणूस चारचौघांत आला म्हणून त्याचा खासगीपणा आपोआप संपत नाही, हेही त्या निकालात आलं आहे. कायद्याचा कीस वकील काढतील. गल्लीत फोटो काढणाऱ्याची अडचण त्याच्या आधीच सुरू होते आणि तिथे रोगोव्हिन यांची पद्धत आजही जशीच्या तशी चालते. फक्त एक फरक पडलाय: तेव्हा लोकांकडे स्वतःचा फोटो नव्हता, आज प्रत्येकाच्या खिशात हजार आहेत. मग प्रिंटला काय किंमत, असं वाटू शकतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला त्याचा इस्त्री करतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून बघा आणि पोस्टकार्डाएवढी प्रिंट हातात देऊन बघा. पहिल्याला अंगठा येतो. दुसरी इस्त्रीच्या टेबलामागे खिळ्याला लागते आणि पुढच्या वेळी तो स्वतःहून हाक मारतो. खर्च एका वडापावचा.

ज्यांना हे काम लांब पल्ल्याने करायचंय त्यांनी रोगोव्हिन यांनी न केलेली गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी. प्रिंटच्या मागे तारीख, जागा आणि त्या माणसाने सांगितलेलं नाव पेन्सिलीने लिहावं. बॉलपेनने नको, दाब पुढच्या बाजूला उमटतो. त्याच माहितीची एक वही वेगळी ठेवावी आणि नाव छापलेलं चालेल का, हे तेव्हाच विचारून त्यात हो किंवा नाही लिहून ठेवावं. पुढे दहा वर्षांनी चाळीचा टॉवर झालेला असतो, बिऱ्हाडं बदलापूर-नालासोपाऱ्याला गेलेली असतात, आणि जुना फोटो दाखवून विचारायला नाक्यावर कोणी उरलेलं नसतं. बफलोमध्ये वस्ती गरीब राहिली, पण जागेवर राहिली, म्हणून रोगोव्हिन यांना माणसं सापडली. मुंबई-पुण्यात वही नसेल तर सापडणार नाहीत.